लेखा शाखेतली ६४० पावलं

नोव्हेंबरात ताई पहिल्यांदा माझ्याकडे आल्या त्या मान दुखते म्हणून. उजव्या खांद्यापासून मानेपर्यंत ओढ, संध्याकाळी डोकं जड, आणि चपलेचा पट्टा रुतावा इतकी पावलांना सूज. वय ४६. दक्षिण मुंबईतल्या एका सरकारी कार्यालयात सहायक लेखाधिकारी, राहायला डोंबिवलीत. हे लिहायला त्यांनी परवानगी दिली आहे, पण त्यांचं नाव आणि कार्यालय इथे येणार नाही. फिजिओथेरपीच्या माझ्या दवाखान्यात मी त्यांना ताई म्हणते, इथेही तेच.

मान तपासून झाल्यावर त्यांनी पर्समधून घडी घातलेला एक रिपोर्ट काढला. "याचा मानेशी संबंध नाही, पण बघता का जरा?" एचबीए१सी ६.१. गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्तात साखर सरासरी किती होती, ते हा आकडा सांगतो. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. वडिलांना मधुमेह होता, थोरल्या भावाला आहे. फॅमिली डॉक्टरांनी चालायला आणि गोड कमी करायला सांगितलं होतं, पण ताईंना ते पटलं नव्हतं. वजन ५४ किलो, उंची १५५ सेंटिमीटर. "मी जाड कुठे आहे? आणि बसते तरी कधी? पाचला उठते, दोन डबे, लोकल, ऑफिस, परत लोकल, परत स्वयंपाक. दिवसभर पळापळच तर असते."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर टेपने दिलं. कंबर ८४ सेंटिमीटर भरली. भारतीय बायकांसाठी धोक्याची रेघ ८० ला धरतात. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोटात चरबी हे चित्र फार जुनं आहे, आणि त्याचा पाठपुरावा पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी वर्षानुवर्षं केला. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. ताईंचा बीएमआय येतो साडेबावीस. त्यांना मी हे दोन आकडे कागदावर लिहून दाखवले. त्या बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मलाही माहीत नव्हतं. डोंबिवलीहून रोज सीएसएमटी गाठणाऱ्या बाईला "तुम्ही हालचाल करत नाही" असं तोंडावर सांगणं मला अन्यायाचं वाटतं. म्हणून मोजायचं ठरवलं. पावलं मोजणारं एक छोटं यंत्र कमरेला लावायचं आणि चार वेळा आकडा वहीत टिपायचा: घर सोडताना, ९.४५ ला टेबलावर बसताना, ६.१५ ला उठताना आणि झोपताना. जोडीला सगळ्यात लांब बैठक, म्हणजे न उठता सलग बसणं, किती वेळाची झाली, तेही लिहायचं.

आठवड्याची वही आली. कामाच्या दिवशी सरासरी ४,१०० पावलं. त्यातली कार्यालयात, साडेआठ तासांत, फक्त ६४०. सगळ्यात लांब बैठक २ तास ५० मिनिटांची. रविवारी ५,२००, म्हणजे सुट्टीच्या दिवशी जास्त.

पळापळ खोटी नव्हती, पण ती होती घड्याळाची आणि डोक्याची. लोकलमध्ये ठाण्यापर्यंत उभं राहणं म्हणजे थकवा आहे, चालणं नव्हे. गर्दीत अंग चोरून उभं राहिलेल्या माणसाचे स्नायू आखडतात, ऊर्जा मात्र बसण्यापेक्षा जेमतेमच जास्त लागते. थकलं की आपण हाललो असं वाटतं. माझ्याकडे येणाऱ्या नोकरदार बायकांपैकी जवळजवळ प्रत्येकीला हा भास होतो, आणि तो तोडायला आकडाच लागतो.

पावलं गेली कुठे

ताईंना विचारलं, नोकरीला लागलात तेव्हा दिवस कसा जायचा? त्यांचा चेहरा खुलला. कनिष्ठ लिपिक म्हणून लागल्या तेव्हा आवक-जावक बारनिशी, म्हणजे टपालाची नोंदवही, त्यांच्याकडे होती. टपाल आलं की नोंद करून टेबलाटेबलावर द्यायचं. नस्ती, म्हणजे फाइल, तयार झाली की टिपणीखाली सही घ्यायला तिसऱ्या मजल्यावर साहेबांकडे. जुना संदर्भ लागला की तळमजल्यावर रेकॉर्ड रूममध्ये, तिथे शिडीवर चढून गठ्ठे खाली घ्यायचे. देयकं घेऊन कोषागारात जायचं असलं तर ती एक चक्करच. "संध्याकाळी पाय बोलायचे हो. पण झोप काय लागायची!"

मग दोन गोष्टी झाल्या. बढती मिळाली, तेव्हा नस्ती त्यांच्या टेबलावर यायला लागली, घेऊन जायचं काम संपलं. पुढे ई-ऑफिस आलं आणि नस्ती टेबलावरही यायची थांबली. ती पडद्यावर येते, पडद्यावरूनच पुढे जाते. देयकंही संगणकावरून. काम वाढलं, जबाबदारी वाढली, पावलं गेली. कुणी ठरवून घालवली नाहीत, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही.

इथे मला लंडनच्या बसगाड्या आठवल्या. १९४९ च्या सुमारास डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतले ३५ ते ६४ वयाचे सुमारे ३१,००० पुरुष अभ्यासाला घेतले. गाडी तीच, डेपो तोच, राहणीमान साधारण सारखं, फरक कामाचा. ड्रायव्हर पाळीभर बसलेला. कंडक्टर दुमजली बसच्या जिन्यावर वर-खाली करणारा, दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: कंडक्टरांना हृदयविकार कमी, झाला तर उशिरा, आणि पहिल्या झटक्यात दगावण्याचं प्रमाणही कमी. मुंबईकराला हा कंडक्टर वेगळा समजावून सांगावा लागत नाही. बेस्टच्या दुमजली बसचा अरुंद जिना आणि चिमट्याची टकटक ज्यांनी ऐकली आहे, त्यांनी तो पाहिलाच आहे.

या अभ्यासावर रास्त शंकाही आल्या, आणि मॉरिस यांनी त्या झाकल्या नाहीत. गणवेशांच्या नोंदी काढून त्यांनीच १९५६ मध्ये दाखवलं की ड्रायव्हरांच्या पॅन्टींची कंबर नोकरीच्या सुरुवातीपासूनच मोठी असायची. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. पण त्यांचा पुरावा तेवढाच नव्हता. टपाल खात्यात पत्रं वाटणारे पोस्टमन आणि बसून काम करणारे कारकून यांच्यातही तसाच फरक दिसला. नंतर तर त्यांनी थेट ताईंसारखीच माणसं घेतली: सरकारी कचेऱ्यांत टेबलावर बसणारे ४० ते ६४ वयाचे १६,८८२ पुरुष. एका सोमवारी सकाळी त्यांना आदल्या शुक्रवार-शनिवारी काय काय केलं ते मिनिटांसकट लिहायला लावलं. १९७३ चा निष्कर्ष असा की फावल्या वेळात दमछाक होईल असा व्यायाम करणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका इतरांच्या एक तृतीयांशाच्या आसपास होता. टेबलाचं काम करणाऱ्याला यातून आशाच मिळते.

ताईंना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "आमच्याकडेही कंडक्टर आहेत. आमचे मामा." मामा म्हणजे त्यांच्या शाखेतले शिपाई, वय ५९. ताईंनी एक दिवस यंत्र त्यांच्या पट्ट्याला लावलं. दिवसभरात ११,३०० पावलं, त्यातली कार्यालयात ७,९००. एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली, ६४० आणि ७,९००.

माझी चुकलेली योजना

ताईंनी आधी एकदा स्टेशनजवळच्या जिममध्ये तीन महिन्यांचे पैसे भरले होते, गेल्या नऊ दिवस. पहाटे चालायला जाणं शक्य नव्हतं, पाणी साडेपाचला येतं. तेव्हा मी सोपं वाटलं ते सांगितलं: फोनवर दर अर्ध्या तासाला गजर लावा, वाजला की उठून दोन मिनिटं चाला. त्याला आधार होता. ऑस्ट्रेलियात डॉ. डेव्हिड डन्स्टन यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की वजन जास्त असलेल्या माणसांनी दर २० मिनिटांनी दोन मिनिटं चालल्यावर, सलग बसण्याच्या तुलनेत, खाल्ल्यानंतरची साखर आणि इन्सुलिन दोन्ही कमी चढतात. कारणही स्वच्छ आहे. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो रक्तातली साखर आत ओढून घेतो, आणि त्या क्षणी त्याला इन्सुलिनच्या परवानगीची फारशी गरज लागत नाही.

चौथ्या दिवशी गजर बंद झाला. साहेबांसोबत बैठक चालू असताना तो वाजला होता. नंतर कुणीतरी "मॅडमची औषधाची वेळ झाली" म्हणालं. पण खरी अडचण थट्टेची नव्हती. "उठून जायचं कुठे? रिकाम्या हाताने व्हरांड्यात फेऱ्या मारल्या तर काम नाही असं दिसतं." हे मला आधी कळायला हवं होतं. प्रयोगशाळेत चालायचा पट्टा असतो, कार्यालयात चालण्याला कारण लागतं. सरकारी कार्यालयात रिकाम्या हाताने चालणारा माणूस कामचुकार ठरतो, हातात कागद असला तर कामाचा.

मग आम्ही कागद शोधायला बसलो. म्हणजे, चालण्याची कारणं.

पहिलं पाणी. ताई दिवसभरात जेमतेम अर्धा लिटर पाणी प्यायच्या, आणि याचं कारण त्यांनी दुसऱ्या भेटीत आवाज खाली आणून सांगितलं: पहिल्या मजल्यावरचं बायकांचं स्वच्छतागृह बंद, दुसऱ्या मजल्यावरचं चालू, आणि लोकलच्या सव्वा तासात सोयच नाही. म्हणून पाणीच कमी. कितीतरी नोकरदार बायका हे करतात आणि यावर कुणी बोलत नाही, डॉक्टरही विचारत नाहीत. एक लिटरची बाटली टेबलावरून काढली आणि स्टीलचा छोटा पेला ठेवला. कूलर व्हरांड्याच्या टोकाला. पेला संपला की उठायचं, आणि प्यायलेल्या पाण्यासाठी दुसऱ्या मजल्याचा जिना चढायचा. घरी निघण्याआधीच्या तासात पाणी बेताचं.

दुसरं, इंटरकॉम. आस्थापना शाखेत काही विचारायचं असलं की फोन न उचलता जायचं, हातात वही घेऊन. प्रिंट त्यांच्या टेबलावरच्या यंत्राऐवजी कोपऱ्यातल्या सामायिक यंत्रावर द्यायची.

तिसरं जेवणानंतरचं. डबा संपल्यावर दहा मिनिटं तळमजल्याच्या व्हरांड्यात फेऱ्या, दोन मैत्रिणींना घेऊन. तिघी मिळून फिरल्या तर ती गप्पांची फेरी होते, कुणाला खटकत नाही. साखर चढायची वेळ नेमकी तीच असल्यामुळे सगळ्या योजनेत मला ही दहा मिनिटं सगळ्यात मोलाची वाटत होती.

चौथं, सकाळी सीएसएमटीहून शेअर टॅक्सी चालू ठेवायची, कारण बायोमेट्रिकची वेळ गाठायची असते. पण संध्याकाळी ते दीड किलोमीटरला थोडं कमी अंतर चालत यायचं, भरभर, दम लागेल पण बोलता येईल इतक्या वेगाने. सतरा-अठरा मिनिटं. आणि स्टेशनच्या पुलावर सरकता जिना टाळायचा.

मानेसाठी पडदा डोळ्यांच्या रेषेत आणला, खाली जुन्या अर्थसंकल्पाची दोन जाडजूड पुस्तकं ठेवून. सुजेचं कारण खुर्चीत सापडलं. खुर्ची उंच, पाय लोंबकळत, मांडीखाली कड रुतलेली. पोटरीचे स्नायू आवळले की शिरांतलं रक्त वर ढकललं जातं. ते तासन्‌तास हललेच नाहीत तर पाणी घोट्याशी साठतं. ताईंनी घरून जेवणाचा लाकडी पाट आणला आणि पायाखाली ठेवला. पाटाच्या कडेवर टाचा उचलून-टेकवून पोटऱ्या चालत्या ठेवायच्या. आठवड्यातून दोनदा घरी बारा मिनिटं: खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून जोर, टाचा उचलणं. चालण्याने स्नायू टिकतात, पण वाढवायला त्यांच्यावर भार लागतो, आणि पंचेचाळिशीनंतर बायकांनी हे टाळू नये असं माझं ठाम मत आहे.

"दहा हजार झालेच पाहिजेत ना?" त्यांनी विचारलं. तो आकडा जपानमध्ये १९६५ साली विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आलेला आहे, प्रयोगातून नव्हे. जागतिक आरोग्य संघटना पावलं सांगत नाही, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. २०२० पासून तर सलग दहा मिनिटांची अटही नाही. दोन मिनिटांचा जिनाही धरला जातो.

मामांचा प्रश्न

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मामांनी ताईंना गाठलं. "ताई, माझं काही चुकलं का?"

ताईंना कळेना. मग उलगडा झाला. ताई स्वतः पाणी आणत होत्या, स्वतः प्रिंट उचलत होत्या, स्वतः वही घेऊन दुसऱ्या शाखेत जात होत्या. मामांना वाटलं आपल्यावर नाराजी आहे, किंवा आपली गरज संपली. "अहो मामा, डॉक्टरांनी सांगितलंय. साखर वाढलीय माझी." मामा हसले, पण पुढचे दोन दिवस ताई उठायच्या आत पेला भरून ठेवत राहिले.

या एका प्रसंगाने मला इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसपेक्षा जास्त शिकवलं. आपल्या कचेऱ्यांत चालणं हे खालच्या हुद्द्याचं काम आहे. वरच्याला घंटी असते. खुर्ची हा शब्दच आपण पदासाठी वापरतो. बढती म्हणजे कमी चालणं, आणखी मोठी बढती म्हणजे दारापर्यंत गाडी. लोकांना "हाला" म्हणताना आपण त्यांना नकळत हुद्द्यावरून खाली उतरायला सांगत असतो आणि मग ते का ऐकत नाहीत म्हणून आळसाचा ठपका ठेवतो. ताईंच्या शाखेत सगळ्यात जास्त वेळ बसणारे होते ते साहेब, आणि त्यांना उठायला एकही कारण उरलेलं नव्हतं.

ताईंनी मार्ग काढला. मामांना यंत्राचा आकडा रोज दाखवायला सुरुवात केली. मग मामाच दुपारी विचारू लागले, "आज किती झाले?" आणि पेला भरायचा थांबला.

मार्च आणि नंतर

फेब्रुवारीअखेर वही सांगत होती: सरासरी ७,७००, कार्यालयात २,३००, सगळ्यात लांब बैठक ५५ मिनिटं. पायांची सूज तिसऱ्या आठवड्यातच उतरली होती. मान महिन्याभरात.

मग मार्च आला. लेखा शाखेतला मार्च ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळणार नाही. अनुदान ३१ तारखेच्या आत खर्ची पडलं नाही तर परत जातं, देयकांवर देयकं येतात, रात्रीचे नऊ-दहा वाजतात. दुसऱ्या पंधरवड्यात सरासरी ४,९०० वर आली. जेवणानंतरची फेरी आधी गेली, कारण जेवणच टेबलावर व्हायला लागलं. रात्री उशिरा एकटीने स्टेशनपर्यंत चालत जाणं मीच बंद करायला सांगितलं. पाणी आणि दुसऱ्या मजल्याचा जिना तेवढा टिकला. जे शरीराच्या गरजेला बांधलं होतं ते राहिलं, जे वेळेला बांधलं होतं ते सुटलं. मी सगळ्यात मोलाची मानलेली दहा मिनिटं सगळ्यात आधी गेली होती. पुढच्या मार्चसाठी आता जेवणानंतर टेबलाशेजारीच वीस वेळा खुर्चीवरून उठबस ठरवून ठेवली आहे.

एप्रिलमध्ये गाडी रुळावर आली. मेच्या पहिल्या आठवड्यात तपासणी झाली: एचबीए१सी ५.८, वजन ५३.२, कंबर ८१. ताई पेढे घेऊन आल्या, साखर उंबरठ्यावर असताना पेढे, पण मी एक खाल्ला. याचं श्रेय सगळं पावलांना देता येणार नाही. याच काळात त्यांनी साखरेचा चहा पाचावरून दोनावर आणला होता, आणि एका माणसाच्या एका आकड्यावरून नियम करता येत नाही. ५.८ म्हणजे त्या अजूनही उंबरठ्यावरच आहेत. शिवाय २०१६ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून झालेल्या विश्लेषणात दिवसाला आठ तासांहून जास्त बसण्याचा वाढीव धोका पुसायला रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम हालचाल लागते असं दिसलं. ताईंची सगळी मिळून पस्तीस-चाळीस मिनिटं होतात. त्या निम्म्याच्या थोड्या पुढे आहेत.

जुलैत पावसाने संध्याकाळचं चालणं अर्धं खाल्लं. ज्या दिवशी फोर्टात पाणी तुंबतं त्या दिवशी ताई कार्यालयाचा जिना तळमजला ते तिसरा असा चार वेळा चढतात आणि मग निघतात. तिसऱ्या मजल्यावर एकदा साहेब भेटले. "काय मॅडम, नस्ती घेऊन आलात?" ताईंनी कारण सांगितलं. साहेबांनी स्वतःचा एचबीए१सी सांगितला, तो ७.४ होता. आता आठवड्यातून एक-दोनदा ते लिफ्टने वर जातात आणि जिन्याने खाली येतात.

मागच्या भेटीत ताईंना काळजी होती ती स्वतःची नव्हती. मामा येत्या मेमध्ये ६० पूर्ण करून निवृत्त होतात. गावी जाणार नाहीत, विक्रोळीत मुलाकडे राहणार, नवव्या मजल्यावर. मामांनी त्यांना विचारलं होतं, "ताई, माझे अकरा हजार कुठून येणार हो?" गेली पस्तीस वर्षं त्यांना व्यायामासाठी वेगळा वेळ काढावा लागला नाही, म्हणून तो कसा काढायचा हेच ठाऊक नाही. साखर आजवर एकदाही तपासलेली नाही.

"घेऊन येऊ का त्यांना?" ताईंनी विचारलं. पुढच्या शनिवारी सकाळी अकराची वेळ दिली आहे. उपाशीपोटीची साखर आदल्या दिवशीच तपासून, रिपोर्ट सोबत आणायला सांगितलं आहे.